उजवा खांदा

४ मार्च

चि. बयो,
आशीर्वाद.

तुला त्या फाटकात सोडून घरी पोचलो तरी तुझी कानातली माझ्या खिशातच होती. तिथल्या बाईंनी काढून माझ्या हातात दिली होती. आता काजांच्या दोऱ्याच्या डबीत ठेवलीत. नऊ महिन्यांनी येशील तेव्हा घाल.

फाटकाशी तू म्हणालीस, "नाना, फोटो नका पाठवू, मला बघवणार नाही. गुंडीची मापं पाठवत जा. मला कळेल ती केवढी झाली ते." शिंप्याच्या पोरीने बापाकडे मागावं तर हेच. म्हणून काल शाळेतून आल्या आल्या नातीला कापणीच्या टेबलाशी उभी केली. हात पसरून शहाण्यासारखी उभी राहते, पण टेप बगलेत गेला की खुदखुदायला लागते. छाती तीनदा घ्यावी लागली.

छाती तेवीस. कंबर साडेएकवीस. खांदा साडेनऊ. फ्रॉकची लांबी बावीस. डोक्यापर्यंत उंची साडेपंचेचाळीस. उजवा खांदा पाव इंच उतरता, नेहमीसारखा.

आई आजारी आहे आणि बरी व्हायला गेलीय, एवढंच तिला सांगितलंय. त्यात खोटं काही नाही.

तुमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या लोकांनी मलाही सोडलं नाही. घरच्यांनी दर शनिवारी इथल्या सभागृहातल्या सभेला गेलंच पाहिजे म्हणे. गेलो. गोल खुर्च्या मांडतात, एकेक जण आपल्या माणसाबद्दल बोलतो आणि रडतो. माझ्यासमोरच्या गृहस्थाच्या शर्टाची डावी बाही कुणीतरी बोटभर लांब शिवली होती. तो बिचारा बायकोच्या दारूबद्दल सांगत होता आणि माझं लक्ष त्या बाहीवरून हलेना. शेवटी सभा घेणाऱ्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत." म्हटलं, मला सवय नाही. म्हणाल्या, "म्हणूनच तर या."

जेव. भांडू नकोस तिथे कुणाशी.

तुझा,
नाना


२३ मार्च

तीर्थरूप नानांना,
साष्टांग नमस्कार.

पहिले दहा दिवस कसे गेले ते लिहीत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये चौदा वर्षं काढलेल्या नर्सला नशेच्या सुईवाचून काय होतं, हे पाठ्यपुस्तकात चार ओळींत दिलेलं असतं. त्या चार ओळी मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायचेसुद्धा. असो, आता हात थरथरत नाहीत. हे अक्षर बघा.

खोलीत आम्ही दोघी. दुसऱ्या बँकवाल्या काकू. बँकेत मोठ्या साहेब होत्या, टेबलाच्या खणात बाटली असायची. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या आणि रोज सकाळी माझ्या चादरीच्या घड्या उलगडून पुन्हा घालतात. माझ्या घड्या त्यांना पसंत नाहीत.

प्रत्येकीला काम वाटून देतात. मला शिवणखोली मिळाली. जुनं पायमशीन आहे, बॉबिन अडकते, तुम्ही असतात तर दोन शिव्या देऊन सरळ केलं असतंत. उशांचे अभ्रे, पडदे, तेच. कात्री कुलपात असते, सही करून घ्यायची आणि सही करून परत द्यायची. आधी राग आला. मग आठवलं की वॉर्डातल्या औषधांच्या कपाटालासुद्धा कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे होती.

सप्टेंबरात घरच्यांचा आठवडा असतो. तुम्ही इथे येऊन सहा दिवस राहायचं, माझ्याबरोबर गटात बसायचं, आणि शेवटच्या दिवशी गुंडीला आणता येईल. मी तिचा फ्रॉक शिवायला घेतेय. म्हणून मापं चुकवू नका.

आणि एक. तुमच्या मापांतली शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. उजवा खांदा उतरता. काल गटात मी पहिल्यांदा सांगितलं की माझी मुलगी अडीच वर्षांची असताना कापणीच्या टेबलावरून पडली नव्हती. माझ्या कडेवरून पडली. मी इंजेक्शन टोचून घेऊन जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी होते आणि हात कधी सुटला ते मला कळलंही नाही. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, तिरकं जुळलं. माझे वडील धावत आले, आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "माझ्या टेबलावर बसवली होती, माझंच लक्ष नव्हतं."

चार वर्षं तिच्या बाबाने तुम्हाला नाही नाही ते सुनावलं. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. मी बाजूच्या खोलीत असायचे, नाना. मी ऐकायचे आणि गप्प बसायचे.

तुमची,
बयो


१९ एप्रिल

चि. बयो,
आशीर्वाद.

झालं गेलं उगाळू नकोस, एवढं म्हणणार होतो. पण चष्मेवाल्या बाई म्हणतात, तेच तर म्हणायचं नाही. मग काय म्हणू ते सुचेना. म्हणून गुंडीचंच लिहितो.

पुढचा खालचा दात पडला. तिने तो बटणांच्या बरणीत टाकला, आता मला बटण काढताना दर वेळी जपून बघावं लागतं. गुडघ्यावर खपली आहे. नव्या फ्रॉकला खिसा हवाच म्हणाली, आणि नुसता दाखवायचा नको, "हात पूर्ण आत गेला पाहिजे."

छाती तेवीस. कंबर साडेएकवीस. खांदा साडेनऊ. उंची पावणेसेहेचाळीस. म्हणजे नुसतीच लांब झाली, अंगाने तेवढीच. फ्रॉकची लांबी सव्वाबावीस धर. उजवा खांदा आहे तसा.

या शनिवारी सभेत मी बोललो एकदाचा. तीन-चार वाक्यं बोलीन म्हणून उठलो आणि थांबताच येईना. सभा बरीच लांबली. असो.

जावईबापूंचा फोन होता, काडीमोड झाला तरी मला दुसरं काही म्हणवत नाही. ते त्यांच्या गावी मजेत आहेत.

तुझा,
नाना


२० मे

तीर्थरूप नानांना,
सा. नमस्कार.

महिना झाला, पत्र नाही. काकू म्हणतात पोस्टाचा घोळ असेल. तुमची तब्येत बरी आहे ना? गुंडी आजारी नाही ना? दोन ओळी टाका, मापं नंतर पाठवली तरी चालतील.

कापड मिळालं. इथल्या बाईंनी बाजारातून आणून दिलं, फिकट हिरवं, बारीक ठिपक्यांचं. घेर भरपूर देणार आहे. खिसा हात पूर्ण आत जाईल असा.

माझे ऐंशी दिवस झाले. याआधी दोनदा तीन-तीन आठवडे राहून मी बरी झाल्याचं सोंग केलं होतं, तुम्हाला ठाऊकच आहे. या वेळी सोंग करायला कुणी समोर नाही, त्यामुळे काम जरा सोपं जातंय.

बयो


३ जून

चि. बयो,
आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. शाळांचे गणवेश आलेत, मान वर करायला फुरसत नाही. डोळेही दगा देताहेत, सुईत दोरा ओवायला आताशा तीनदा प्रयत्न करावा लागतो.

गुंडी मजेत आहे. अभ्यास करते. जेवते.

छाती साडेतेवीस. कंबर बावीस. खांदा पावणेदहा. लांबी पावणेतेवीस. उंची सव्वासेहेचाळीस.

तू नीट राहा. ऐंशी दिवस म्हणजे थोडे नाहीत.

नाना


१८ जून

तीर्थरूप नानांना,
सा. नमस्कार.

नाना, तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. उजव्या खांद्याची.

मी आधी चिडले. म्हटलं, मला वाईट वाटू नये म्हणून मुद्दाम गाळली. मग एकदम आठवलं, तेव्हा हाडाचे डॉक्टर म्हणाले होते की मूल वाढत जाईल तसं हाड सरळ होऊ शकतं, सहा-सात वर्षांपर्यंत वाट बघा. वाट बघायची मी केव्हाच सोडून दिली होती. तुम्ही चाळीस वर्षांत कधी अर्ध्या सुताची नोंद विसरला नाहीत. तुम्ही लिहिलं नाहीत याचा अर्थ लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

झाला ना हो सरळ?

मी गटात सांगितलं. अर्ध्यावर आले तेव्हा काकूंनीच उरलेलं सांगितलं आणि वर टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या. काल कात्री सही करून घेतली आणि फ्रॉक कापला. दोन्ही खांदे सारखे. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मुलीसाठी कापड दुमडून दोन्ही खांदे एकदम कापले.

मी फार आशा लावून घेत असेन तर तसं सांगा. हो किंवा नाही, एवढंच लिहा.

तुमची,
बयो


२ जुलै

चि. बयो,
आशीर्वाद.

हो. सरळ झाला.

छाती चोवीस. कंबर साडेबावीस. खांदा दहा. लांबी सव्वातेवीस. उंची पावणेसत्तेचाळीस.

कामात आहे. पुढे सवडीने लिहीन.

नाना


९ ऑगस्ट

तीर्थरूप नानांना,
सा. नमस्कार.

फ्रॉक पूर्ण झाला. काकूंनी आतली शिवण उलटून बघितली आणि पहिल्यांदाच नाव ठेवलं नाही.

काल तो टांगून ठेवला आणि तुमच्या चारही पत्रांतली मापं एका कागदावर ओळीने उतरवली. तिची वाढ बघावी म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं.

मार्च ते एप्रिल गुंडी नुसती लांब झाली. मुलं अशीच वाढतात. एक महिना लांब होतात, एक महिना भरतात, मध्येच आजारी पडून उतरतात. जून आणि जुलैत मात्र छाती अर्धा, कंबर अर्धा, खांदा पाव, लांबी अर्धा, उंची अर्धा. दोन्ही वेळा तेच. नाना, हे कुठल्या पोराचं माप नाही. हा तुमच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला तक्ता आहे. गिऱ्हाईक परगावचं असलं आणि नुसती छाती कळवली की बाकीची मापं तुम्ही त्यातून उतरवता. दहा वर्षांची असताना तुम्ही मला तो पाठ करायला लावला होता. मी चुकले की टेबलावर खडू आपटायचात.

खांद्याच्या आनंदात मला ते दिसलं नाही.

जूनपासून तुमच्या पत्रांत ती हसत नाही, पडत नाही, काही मागत नाही. नुसती अभ्यास करते आणि जेवते.

नऊ वर्षं मी तुम्हाला फसवलं. डोळ्यांत बघून खोटं बोलले, तुमच्याच घरात. त्यामुळे खोटं कसं दिसतं ते माझ्याइतकं कुणाला कळणार? खोटं नेहमी नीटनेटकं असतं.

गुंडी कुठे आहे?

बयो


१७ ऑगस्ट

चि. बयो,

आशीर्वाद लिहायचा मला अधिकार आहे की नाही कळत नाही, पण देतो.

गुंडी तिच्या बाबाकडे आहे. जिवंत आहे, धडधाकट आहे, आधी तेवढं वाच आणि एक श्वास घे.

एप्रिलमधला तो शनिवार. शाळा अर्धा दिवस असते. सभा संपवून मी तिला आणायला जायचो. त्या दिवशी मी बोलायला उठलो आणि तुझ्याबद्दल चाळीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. तू पहिल्यांदा काजं केलीस तिथपासून. घड्याळाकडे लक्षच गेलं नाही. पोर अडीच तास फाटकाशी उभी. रखवालदाराने तिच्या डायरीतला नंबर लावला, तो तिच्या बाबाचा.

दहा दिवसांनी जावईबापू आले. आवाज चढवला नाही, ते सोपं गेलं असतं. म्हणाले, "नाना, तुम्ही सत्तरीचे, ती तिकडे. पोरीने कुणाच्या भरवशावर राहायचं?" त्यांनी कोर्टाचे कागद आणले होते. त्यात आजोबा म्हणून माझं म्हणणं हवं होतं.

बयो, मी सही केली. नुसती सही केली असती तर तुला तोंड दाखवलं असतं. मी खांद्याचं लिहून दिलं. टेबलाचं नव्हे, जिन्याचं, खरं. माझ्या हाताने.

का, ते आता लिहितो. जबरदस्ती कुणी केली नाही. तू बरी होशील यावर माझा विश्वास नव्हता. दोनदा तू परत आलीस, दोनदा मी सगळ्यांना सांगत सुटलो, आणि दोनदा तू मोरीत पडलेली सापडलीस. मला वाटलं, तिसऱ्यांदा हे पोरीने बघू नये. तुझे ऐंशी दिवस झाल्याचं पत्र आलं तेव्हा ती जाऊन तीन आठवडे झाले होते. ते पत्र हातात धरून मी टेबलाशी बसलो आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग कसं सांगू? तू तिच्या मापांवर उभी होतीस. म्हटलं सप्टेंबरपर्यंत रेटू. खांद्याची ओळ मी विसरलो नव्हतो. ती खोटी लिहायला हात धजेना, म्हणून गाळली. आणि त्यावरून तू जे समजलीस ते वाचलं, तेव्हा मला तुझ्याकडून ते काढून घ्यायचं धाडस झालं नाही. मी "हो" लिहिलं. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला कधी चुकीचं माप दिलं नाही. दिलं ते तुला.

मला दोन महिन्यांतून एकदा तासभर भेटता येतं. तुला किती, ते कोर्ट ठरवेल, तू बाहेर आल्यावर. त्या माझ्या कागदामुळे ते कठीण होणार आहे, हे वकिलांनी मला नंतर सांगितलं.

नाना


२ सप्टेंबर

नाना,

तुमचं पत्र वाचलं आणि पिशवी भरली. फाटकापर्यंत गेले. फाटकाला कुलूप नसतं, कात्रीला असतं. बाहेरच्या बाकावर मी दुपारभर बसले. कुठे जाऊन काय विकत घ्यायचं, कोणाला काय सांगितलं की मिळतं, सगळं डोक्यात पाढ्यासारखं तयार होतं. काकू येऊन शेजारी बसल्या. माझ्या पिशवीतले कपडे काढून घड्या घालत राहिल्या. सगळ्या घालून झाल्यावर म्हणाल्या, "हे आता आत नेऊन ठेवू या, चुरगळतील." गेले.

मी तुमच्यावर संतापले आहे. तुम्ही लिहून दिलंत ते खरं होतं, म्हणून जास्त. कोर्टात खरं बोललात आणि माझ्याशी खोटं. चार वर्षं याच्या उलट करत होतात. एकदाही दोन्हीकडे एकच बोलला नाहीत.

माझी मुलगी चार महिने मला वाटतं तिथे नव्हतीच. मी भिंतीवर तिच्या उंचीच्या रेघा मारत होते. शेवटच्या दोन मी काल पुसल्या.

चौदाला घरच्यांचा आठवडा सुरू होतो. तुम्ही यायचं. एकट्याने. गटात माझ्यासमोर बसून हे सगळं बोलायचं, आणि मी बोलेन ते ऐकायचं. मान खाली घालायची नाही. नाही आलात तर इथून बाहेर पडल्यावर आपल्या दोघांनाही एकमेकांसमोर उभं राहायला तोंड नाही.

बयो


२१ ऑक्टोबर

चि. बयो,
आशीर्वाद.

तुझ्याकडून आल्यापासून शांत झोप लागते. सहा दिवसांत तू मला जे जे बोललीस ते सगळं अंगावर आहे, पण चापूनचोपून बसलंय, टोचत नाही.

तू दिलेला फ्रॉक घेऊन परवा गुंडीकडे गेलो; खांदा किती उचलायचा ते अंगावर घातल्याशिवाय कळणार नव्हतं, म्हणून तसाच नेला. तिसऱ्या मजल्यावर घर आहे, स्वच्छ. जावईबापूंची नवी बायको वाईट नाही, मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि दार लोटून आत गेली. गुंडी आली. केस कापलेत. मला आधी "नाना" म्हणाली नाही, माझ्या पिशवीकडे बघत राहिली.

म्हटलं, मापं घेऊ? ती उभी राहिली. हात पसरले. टेप बगलेत गेला तरी हसली नाही. मी दोनदा मुद्दाम सरकवला.

मग फ्रॉक घातला. सैल झाला. तू कापलास तेव्हा तुला मी साडेतेवीस छाती दिली होती. आणि उजव्या बाजूने गळा खाली ओघळला, खांदा उघडा पडला. तिने तो वर ओढला, पुन्हा ओघळला. मला विचारलं, "हा कोणी शिवला?" म्हटलं, तुझ्या आईने. ती बराच वेळ आरशात बघत होती. मग म्हणाली,

"आईला माझा खांदा माहीत नाही?"

बयो, मी सुई-दोरा बरोबर नेला होता. तिथेच जमिनीवर बसून उजवा खांदा उसवला, उचलून घेतला, पुन्हा शिवला. हात चालत होते, समोरचं दिसत नव्हतं. तिला सांगितलं की आईला माहीत आहे, मीच आईला चुकीचं कळवलं, चूक नानाची. ती म्हणाली, "तुमच्याच टेबलावरून पडले ना मी? मग तुम्ही कसं विसरलात?"

आणि माझ्या तोंडून "हो" गेलं. म्हातारा झालो. इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. तुझ्यासमोर गटात शपथेवर बोलून आलो होतो, त्याला जेमतेम महिना झाला.

खिशात हात घालून बघितला तिने. पूर्ण आत गेला. फ्रॉक काढून घडी करून माझ्या हातात देईल असं वाटलं होतं. दिला नाही, तसाच घालून आत गेली.

छाती साडेबावीस. मार्चपेक्षा कमी आहे. कंबर एकवीस. खांदा पावणेदहा. उंची सत्तेचाळीस. उजवा खांदा आता जवळजवळ अर्धा इंच उतरता. यात मी काही घातलेलं नाही आणि काही काढलेलं नाही.

नाना


३० ऑक्टोबर

तीर्थरूप नानांना,
सा. नमस्कार.

नऊ महिने महिन्याभरात संपतील, पण मी आणखी तीन मागून घेतलेत. इथल्या बाईंनी कारण विचारलं नाही. त्यानंतरही मी तुमच्या घरी लगेच येणार नाही. बाहेर जवळच खोली बघून राहीन आणि मग कोर्टात उभी राहीन. जे मिळेल ते. कदाचित काहीच मिळणार नाही, ते मी रोज सकाळी स्वतःला सांगते.

तुमच्यावर रागावले नाही. ते "हो" मीच तुमच्या तोंडात बसवलंय.

सोबत गुंडीला पत्र आहे. डिसेंबरात भेटाल तेव्हा तिच्या बाबासमोर वाचून दाखवा. एक शब्द बदलू नका. कठीण वाटला तरी.

बयो


चि. गुंडी,

तुझ्या आईचं पत्र आहे. नाना वाचताना अडखळले तर त्यांना पाणी दे.

तू नानांच्या टेबलावरून पडली नव्हतीस. तू माझ्या कडेवर होतीस. मी नशेचं औषध घेतलं होतं, ते घ्यायचं नसतं, ते मी चोरून घ्यायचे. माझा हात सुटला आणि तू जिन्यावर पडलीस. नानांनी माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली. तू किंवा बाबा नानांवर रागावला असाल तर तो राग माझ्याकडे पाठवा. तो माझा आहे.

तू विचारलंस, आईला माझा खांदा माहीत नाही का. माहीत आहे. मी पाडलं तेव्हापासून रोज माहीत आहे. तो सरळ झाला असं मला कुणी सांगितलं आणि मी लगेच खरं मानलं, कारण मला ते खरं व्हायला हवं होतं. तुला शाळेत कुणी चिडवत असेल तर सांग की हाड मोडून जुळलंय आणि चांगलं मजबूत आहे.

मी अजून बरी होतेय. पूर्ण बरी कधी होईन ते डॉक्टरही सांगत नाहीत. तू माझ्याकडे कधी येशील तेही मला माहीत नाही, म्हणून तसं कबूल करत नाही.

नवा फ्रॉक मी अजून कापला नाही. नानांनी पाठवलेली मापं समोर ठेवली आहेत. तुला हवा असेल तर नानांना रंग सांग. नको असेल तर नको म्हण, मी रागावणार नाही.

आई